दोष माझा, आता बोला

तुमच्या कचेरीत काही बिघडलं की पहिला प्रश्न कोणता येतो? काय बदललं, की कुणाचा हात लागला? तुमचं उत्तर ऐकायला मी थांबत नाही. ते मला माहीत आहे.

मास्तरांनाही माहीत होतं. म्हणून बारामतीहून इंदापूरला आमच्या पतसंस्थेत आले, की पायरीवर चपला काढता काढताच ते शाळेतल्या पोरासारखा उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, “दोष माझा. आता बोला.”

आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता, म्हणून मास्तर. कॉम्प्युटर ते उतारवयात शिकले. फ्लॉप्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यातून आणायचे. एकदा डबा उघडला तर आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. फ्लॉप्यांचा डबा घरीच राहिलेला. “आज मशिनला उपास,” म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना भाकरी वाटून मोकळे झाले.

फार मोठे कारागीर होते असं नाही. मशिन बंद करायचं, चहा प्यायचा, मशिन सुरू करायचं, इथून त्यांची सुरुवात. पण कुणी काय केलं हे त्यांना लोक आपणहून सांगायचे. “भ्यालेला माणूस सांगत न्हाय, पोरी. मग म्या काय अंदाजानं शोधू?” हे त्यांचं म्हणणं.

मी निरवांगीची. वडील जयंतीची, मोर्च्यांची पत्रकं भिंतींवर चिकटवायचे. उरलेली घरी यायची; त्यांवरच मी अक्षरं गिरवली. पुढं मीच पत्रकं लिहायला लागले. पतसंस्थेत ऑपरेटर म्हणून लागले होते, पण नेमणूक कच्ची होती.

अशात एकदा मास्तरांनी आमच्या मशिनवर नवी सिस्टिम टाकली. अक्षरं एकदम थोराड झाली, रंग मोजकेच उरले आणि खातेदारांच्या यादीची उजवी बाजू पडद्याबाहेर गेली. “पडदा नीट करायची फ्लॉपी बारामतीत ऱ्हायली. उद्या आणतो,” म्हणून मास्तर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशिन सुरू केलं, तर पडदाभर तिरक्या रेघा आणि मॉनिटरमधून बारीक शिट्टी.

सचिव तात्या आले. “कुणाचा हात लागला?”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“हितं हिच्याबिगर बसतंय कोण?” तात्या म्हणाले. “काल चांगलं हुतं. सोमवारपासनं येऊ नगंस, बाई.”

हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. माझ्या आजोबांना तो गावच्या पाणवठ्यावर विचारला गेला होता. कॉम्प्युटरचा आणि पाणवठ्याचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. ज्यांना तो प्रश्न कधी विचारला गेला नाही, त्यांनी खुशाल म्हणावं. मी खुर्चीवरून उठले नाही. “माझा हात लागलेला नाही,” एवढंच बोलले.

दुपारी मास्तर आले. हात वर. “दोष माझा. आता बोला, काय काय बदललं?”

मास्तरांनी मला की-बोर्डपाशी बसवलं, तात्यांच्या हाती बॅटरी दिली आणि दोघं मॉनिटरच्या मागं वायरी बघायला वाकले. मला फक्त तात्यांची टोपी दिसत होती. थोड्या वेळानं त्या टोपीखालून हळू आवाज आला.

“मास्तर, काल समदी गेल्यावर म्या जरा बसलो हुतो. अक्षरं लई मोठी दिसत हुती. एक पट्टी हुती बगा, हिकडं कमी, तिकडं जास्त.”

“मग?”

“मग काय? जास्त मिळत असताना कमीवर कोण ठेवतंय?”

“आवो तात्या, ते काय उजनीचं पाणी हाय व्हय, दार उचललं की आलं? ह्या मॉनिटरला तेवढं झेपत न्हाय.”

मशिन पुन्हा सुरू होताना मास्तरांनी मला एक बटण दाबायला लावलं. पडदा साधाच, पण उघडला. पट्टी मागं घेतली, फ्लॉपी टाकली. अक्षरं जागेवर बसली, यादीची उजवी बाजू आत आली, शिट्टी थांबली.

तेवढ्यात संचालक मंडळातले आबा येऊन उभे राहिले. “मग हात कुणाचा लागला हुता?”

तात्या बॅटरीचं बटण चालू-बंद करत राहिले.

मास्तरांनी हात वर केला. “माजा. फ्लॉपी न टाकताच गेल्तो मी. ह्या पोरीचा काय बी संबंध न्हाय.”

“मग तुमाला बोलवायचं तरी कशाला?” आबा म्हणाले. आणि पुढच्या महिन्यापासून दुरुस्तीचं काम पुण्याच्या एका तरुणाकडं गेलं.

त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर मी मास्तरांशी भांडले. “तुमी खोटं बोललात. नाव घ्यायला पायजे हुतं.”

“अर्धं खरंच हुतं की. फ्लॉपी ऱ्हायली नव्हती का?”

“आणि उरलेलं अर्धं?”

“नाव घेतलं असतं तर तात्यांनी परत कदी तोंड उघडलं असतं? आन् तुजी खुर्ची ऱ्हायली असती?” बारामतीची गाडी लागली. चढता चढता म्हणाले, “तू घे की नावं. पत्रकात घे. म्या कुठं आडवतोय?”

मी आजही त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. तो निवाडा सगळ्यांसमोर व्हायला हवा होता. पण माझी नेमणूक पक्की झाली. आणि ‘कुणाचा हात लागला’ हे शब्द तात्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत.

पुढं काही वर्षांनी मास्तर वारल्याचं मला तात्यांनीच सांगितलं. त्याच दुपारी मशिन अडकलं. नवा शिपाई दचकून मागं सरकला, “म्या न्हाय केलं,” म्हणाला. तात्या उठले. त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत नेला, तिथंच घुटमळला. “बरं, बरं,” म्हणाले. “काय बदललं तेवढं सांग.”

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. उद्या तुमच्या कचेरीत काही बंद पडेल आणि सगळे एकाच माणसाकडं वळून बघतील, तेव्हा त्याच्या आधी तुमचा हात वर करा. पुरता जमला नाही, तर खांद्यापर्यंत चालेल.