पांढरी गव्हाण

खुटबाव गावात राहत असताना एका मावशींकडून मी रोज सकाळी दूध आणायचो. त्यांचं नाव कधी विचारलं नाही. गोठ्याचा वास सोसवत नाही म्हणून नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहायचो. नाताळच्या सकाळी पाहतो तर घराच्या भिंती तशाच, पण म्हशीची गव्हाण चुन्यानं पांढरीशुभ्र!

"मावशी, सणाला लोक घर रंगवतात," मी हसलो.

त्यांनी पदरानं गव्हाणीची कड पुसली आणि ताठ मानेनं म्हणाल्या, "माझा प्रभू जल्मला तवा त्याला घरात कुणी जागा दिली न्हाई. गव्हाणीत निजवला. बंगलेवाल्यांकडं कुठली गव्हाण? माझ्याकडं हाय!"

मी रुमाल खिशात घातला, चपला दारातच काढल्या आणि पहिल्यांदा गोठ्यात गेलो.