पाचट जळलं, पत्रा राहिला

...आणि सिमेंटचे पत्रे म्हणजे नुसता शहरी थाट, असं परवा म्हणालात ना तुम्ही सगळे? मग आजचंच ऐका, म्हणून हा कागद घाईघाईत कॉलेजच्या फळ्यावर लावतोय.

उंब्रजला माझ्या काकांचं गुऱ्हाळ आहे. काका मिलिटरीतून रिटायर झालेत. तिकडच्या बराकी बघून त्यांनी यंदा गुऱ्हाळावरचं पाचटाचं छप्पर काढलं आणि सिमेंटचे पत्रे घातले. पण गूळ बनवणारे तात्या उकाड्यानं वैतागले. त्यांनी थंडाव्याला म्हणून पत्र्यांवर परत उसाचं वाळलं पाचटच पसरलं!

आज सकाळी धुराड्यातून ठिणगी उडाली आणि ते भडकलं. खाली गुळाच्या ढेपा रचलेल्या, बहात्तरच्या दुष्काळानंतरचा काकांचा पहिला भरघोस गूळ. काकू ओरडल्या, "आवं, आदी गूळ भाईर काढा!"

काका शिडीवरून बांबूनं जळतं पाचट खाली ओढत होते.

"वर चढू नगा, पत्रा मोडंल!" तात्या खालून म्हणाले.

"शेकोटी तुमीच रचली न्हवं, तात्या? आता शेका!" काका वरून म्हणाले.

शेवटी एक पत्रा तडकला, बाकीचे नुसते काळे पडले. एकाही ढेपेला धग लागली नाही. मी तर बघतच राहिलो. काय मटेरियल आहे यार!

पत्रा गार झाल्यावर तात्यांनी त्याच्यावर थाप मारली. "लय गुणाचा हाय. पर दुपारी खाली मानूस उकडतोय, त्याचं काय?"

आता तुम्हीच सांगा. पाचट न घालता पत्र्याखाली गारवा आणायला तुम्ही काय केलं असतं?