कासवाच्या पाठीवरची खाच

आज पेपरात दीडशे वर्षांच्या एका अजस्र कासवाचा फोटो पाहिला आणि जुना राग उफाळून आला.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. तापीकाठच्या आमच्या गावात पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडत. आमच्या विहिरीत आईने सोडलं. आधी विळ्याने त्याच्या पाठीच्या कडेला खाच केली आणि मला म्हणाली, "माणूस साठमा जास, हाई शंभर वरीस जगस. मी नही ऱ्हायनी तरी तुले देखत ऱ्हाई." त्याच पावसाळ्यात ती गेली.

वर्षभराने एका दुपारी कासव माझ्या बादलीत आलं. शेवाळाचा वास येणाऱ्या त्या ओल्या पाठीवरून मी बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती.

बाबा म्हणाले, "तेच शे बेटा. घाव भरी गया."

मेलेलं कासव त्यांनी गुपचूप बदललं होतं. मी रडू नये म्हणूनच, हे आज कळतं. पण महिन्याभरात त्यांनी एक बाई घरी आणली. "हाई तुन्ही माय," म्हणाले. मी तिच्या हनुवटीवर आईचं गोंदण शोधलं. हनुवटीही गुळगुळीत होती.