मामूची गाठ

माझ्या बायकोला माझे झाडून सगळे अवगुण ठाऊक आहेत. घोरणं, बढाया मारणं, चहात बिस्किट बुडवून गप्पांत विसरणं. हे एक मात्र तिलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मामूला ओळखत नव्हता, म्हणून असेल. ओळखत असतात तर जीभ उचलली नसती.

कर्जतच्या बाजारात माझं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. टेंपोची कव्हरं, ओट्याचे पावसाळी पडदे, आणि मुख्य म्हणजे पेंढ्यावर घालायच्या ताडपत्र्या. कडावपासून पोशीरपर्यंतचा पेंढा माझ्याच कापडाखाली झोपतो, असं मी चारचौघांत म्हणत असे. पेंढ्याची ताडपत्री सैल शिवतात. खालून हवा खेळती राहिली नाही तर पेंढा कुजतो. मला एवढंच येत होतं. आणि ज्याला एवढंच येतं त्याला वाटतं, जगात शिकण्यासारखं तेवढंच आहे—नाही का?

मामू म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. किनाऱ्यावरचा माणूस, अर्धी उमर मचव्यांवर गेलेली. उतारवयात तो आणि मामी आमच्या शेजारी राहायला आले. कडावच्या अंगाला एका शेठचं फार्महाऊस होतं, तिथे तळं, तळ्यात इंजिनाची पांढरी बोट. ती सांभाळायचं काम मामूला मिळालं. आणि त्याने शेठपाशी शब्द टाकून बोटीच्या कव्हरचं काम मला मिळवून दिलं.

मी ते शिवलं. पेंढ्याची ताडपत्री शिवतात तसंच—सैल, घेरदार. दोन्ही अंगांना पिवळ्या रंगात, हातभर अक्षरांत, माझ्या दुकानाचं नाव. दोन पावसाळे बोट शेडमध्ये त्या कव्हराखाली सुखाने उभी होती. मग शेठने ती किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं. ट्रेलरवर बोट, पुढे शेठची जीप. चालवणार मी, सोबत मामू.

निघताना मामू कव्हराभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "ह्यो उभ्या बोटीचा कपडा हाय रं. रस्त्यावर नको. वारा भरला का शीड होईल त्याचं. काढून घडी कर, नायतर आंगाबरोबर शिवून आण."

मी हसलो. "मामू, हा हायवे हाय, दर्या नाय."

खरं कारण सांगू? हायवे होता म्हणूनच मला ते कव्हर बोटीवर हवं होतं. खोपोलीला जायचा पळसदरीचा रस्ता ट्रेलरला अरुंद पडतो, म्हणून आम्ही चौक गावावरून जाणार होतो. चौकपासून खोपोलीपर्यंत किती गाड्या! सगळ्यांनी माझं नाव वाचावं. एवढ्यासाठी. बाकी काही नाही.

मामू मला फार वेळ नाही म्हणू शकत नसे. त्याने एकेक दोर ओढून बांधला. त्याच्या गाठीबद्दल सांगायला हवं. कितीही ताण येवो, ती सुटत नसे. आणि सोडायची म्हटली तर अंगठ्याने एकदा ढकललं की मोकळी. मला ती त्यानेच शिकवली होती, मी अगदी लहान असताना, पायजम्याच्या नाडीवर.

खालापूर मागे पडलं आणि मागून फडफड ऐकू यायला लागली. मामू म्हणाला, थांबव. मी म्हणालो, खोपोली आलीच की. आरशात मला माझं कव्हर फुगलेलं दिसत होतं, आणि—हे सांगायलाही लाज वाटते—पिवळी अक्षरं ताणून मोठी झालेली बघून मला बरं वाटलं होतं.

मग एक मोठा आवाज झाला आणि कव्हर आरशातून नाहीसं झालं.

मागून एक बाई स्कूटरवरून येत होत्या. शाळेत शिकवायच्या, हे नंतर कळलं. कव्हर त्यांच्या तोंडावरच जाऊन बसलं. त्या वाचल्या. पण उजवा हात कोपरात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. मी गाडी थांबवेपर्यंत एका ट्रकने कव्हर चाकाखाली घेऊन त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

मामू धावला तो थेट त्यांच्याकडे. खांद्यावरच्या टॉवेलाने त्याने त्यांचा हात बांधला, डोक्यावर सावली धरून बसला. आणि मी? मी बोटीकडे धावलो.

पुढचे दोर तुटून कव्हराबरोबर गेले होते. मागच्या दोन कोपऱ्यांचे दोर बोटीच्या कड्यांना लटकत होते. गाठी जशाच्या तशा. प्रत्येक गाठीत कव्हराची एक पितळी रिंग, आणि रिंगेभोवती माझ्या कापडाचा फाटका तुकडा. गाठ सुटली नव्हती हो. कापड फाटलं होतं. मी सैल शिवलेलं, वारा भरेल असं शिवलेलं माझं कापड.

दोन वेळा अंगठ्याने ढकललं. दोन्ही गाठी मोकळ्या झाल्या. रिंगा मी खिशात टाकल्या.

पोलीस आले. दोर कोणी बांधले होते, असं त्यांनी विचारलं. मामूने हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. गाठ सुटली काय, असं विचारल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला, कारण दोर मी पाहिले होते, त्याने नव्हते. मी म्हणालो, "सुटली."

"माजी?" मामूने विचारलं.

मी मान डोलावली.

त्याने वाद घातला नाही. ‘मी आधीच सांगितलेलं,’ असंही तो बोलला नाही. शिडाची गोष्ट त्याच्या लक्षात नसेल का? असणारच. पण ज्या पोराला आपण गाठ शिकवली, ते आपल्या गाठीबद्दल खोटं बोलेल, हे त्याच्या मनातच येणं शक्य नव्हतं. तो नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला.

शेठने त्याला वय झालं म्हणून घरी बसवलं. ते एक वेळ तो सोसून गेला. पण त्यानंतर मामूने काही म्हणून बांधलं नाही. कपडे वाळवायची दोरी मामी बांधी. बकरी मामी बांधी. दर मे महिन्यात त्याच्या ओट्याला ताडपत्री लावायला तो मला बोलावी. "तू बांध रं. माज्या हाताचा आता भरवसा नाय." मी शिडीवर चढून त्याचीच गाठ मारायचो आणि तो खालून ती निरखून म्हणायचा, चांगली बांधलीस. असं आठ वर्षं. आठही वेळा मी शिडीवरून उतरलो, मामीचा चहा प्यालो आणि घरी आलो. सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. पोलिसांना तर मी एकाच शब्दात सांगितलं होतं.

आता मी बोटींची कव्हरं अंगाबरोबर, पट्ट्यांनी आवळलेली शिवतो. हायवेवर फडकत नाहीत. लोक म्हणतात, तुझ्यासारखं काम कुणाचं नाही. त्या दोन रिंगा दुकानात बटणांच्या डब्यात आहेत.

मामू मागच्या हिवाळ्यात गेला. आमच्यात कफनाला डोक्याशी, कमरेला आणि पायाशी कापडाचे बंद बांधतात. मय्यत कबरीत ठेवली की ते सोडायचे असतात. भाचा म्हणून मी खाली उतरलो होतो. वरून कुणीतरी म्हणालं, बंद सोड. माझी बोटं थांबली. वरच्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. त्यांनी मला वेळ दिला. मग मी अंगठ्याने ते तिन्ही बंद सोडले.

चाळिसाव्याला घरात सगळे जमले होते. मामी वाढता वाढता पाहुण्यांना सांगत होती, "मचव्यावरची गाठ त्यांची. कदी सुटायची नाय. पण शेवटाला हातच गेलं त्यांचं. त्या बाईचा हात मोडला, ते त्यांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला ठाव हाय ना रं? तू व्हतास."

मी मान डोलावली, आणि तिने वाढलेला भात जेवलो.