नाडीवरची तीन बोटं

आज, सन १९५८ मध्ये, समस्त पंचक्रोशीस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मुक्काम शिनोली येथील हिरड्याचे व्यापारी, जत्रेतल्या नाटकांतले कायमचे नारदमुनी, वय वर्षे अठ्ठेचाळीस, यांचे हृदय मधूनच काम थांबवते आणि कोणाचीही परवानगी न घेता पुन्हा सुरू होते.

तो इसम मी. दवंडी पिटण्याची हौस जुनीच आहे. पण पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी माझ्यापुढे धरली, तेव्हा मी हौस बाजूला ठेवून तिच्यावर वाकलो.

"हे बघा," ते म्हणाले, "वरच्या कप्प्यानं हाक मारली, खालच्यानं ओ दिली नाही. पुन्हा हाक, पुन्हा ओ नाही. याला हार्ट ब्लॉक म्हणतात."

म्हणजे हृदयातली हाक पोचवणारी वाट अधूनमधून बंद पडते. तेवढ्या वेळात मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस कोसळतो. वाट उघडली की उठून बसतो. उघडली नाही तर काय, हे मी विचारलं. डॉक्टरांनी पट्टी गुंडाळायला घेतली.

पट्टीपर्यंत पोचायला मला सात महिने लागले. ते सांगतो, कारण तुमच्याही घरात असं कोणी पडत असेल.

पहिल्यांदा पडलो घोडेगावच्या बाजारात, तराजूपाशी. लोक हसले. एक ठाकर म्हातारा माझ्या डोक्याशी बसून म्हणाला, "उठा शेट, वजन बराबर करा, सोंगं मंग करा." मी सोंगाड्या म्हणून नावाजलेला, त्यामुळे माझं मरणसुद्धा कोणी पहिल्या झटक्यात खरं मानलं नसतं. तिसऱ्या खेपेला कपाळ फुटलं तेव्हा हसणं थांबलं आणि फेफरं ठरलं. मग मी पडलो की धावाधाव: कोणी चप्पल नाकाला लावी, कोणी कांदा फोडी. शुद्धीवर येताना मला गावातल्या बहुतेक पायताणांची ओळख पटली.

घोडेगावच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथे कार्डिओग्राम काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचं कागदावर उमटलेलं चित्र. चित्र निर्दोष निघालं. त्या दिवशी हृदय शहाण्यासारखं वागलं होतं.

परत आल्यावर घोडेगावच्या डॉक्टरांना मी माझं पडणं सांगायला लागलो: डोळ्यांपुढे काजवे, कानात नगारे, पायाखालची धरती दुभंगली. त्यांनी मला थांबवलं.

"तुम्ही पडता तेव्हा तुम्ही तिथं असता का? मग तुमची गोष्ट मला काय कामाची? सहा वेळा पडलात, दर वेळी पाचपन्नास माणसं भोवती. सगळ्यांनी नाक धरलं, मनगट एकानंही धरलं नाही."

मग ते माझ्या बायकोकडे वळले. अनसूयाला लिहिता येत नाही, घड्याळ कळत नाही. त्यांनी विचारलं, "भात कांडता ना? कांडल्यासारखा हात चालवून दाखवा." तिने लाजत रिकामा हात वरखाली केला. डॉक्टरांनी आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं; तिच्या मुसळाचा जवळजवळ सेकंदाला एक घाव पडत होता. "झालं तर. दिवसभर तीन बोटं यांच्या नाडीवर ठेवायची. हे पडले की आडवं करायचं, पण बोटं उचलायची नाहीत. नाडी गेली तर कांडपाच्या चालीनं मनात मोजायचं, नाडी येईपर्यंत. चेहरा कसा होतो ते बघायचं. चप्पल कोणी आणली तर हाकलायची."

सांगायला सोपं. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या शेजारी बसत नाही, हात धरणं तर दूरच. आता अनसूया ओसरीवर, भर दिवसा, साऱ्या आळीदेखत माझं मनगट धरून. पहिल्या दिवशी घामाने तिची बोटं घसरत होती. आई आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसे. शेजारची सखूकाकू म्हणाली, "काय गं, म्हातारपणी लगीन लागलं व्हय तुमचं?"

"न्हाई काकू," मी म्हणालो, "मी पळून जाईन म्हणून धरून ठिवलंय."

अनसूया हसली नाही. पाच दिवस ती त्या मनगटाखेरीज कशाकडे बघत नव्हती. दोन घास खाऊन उठायची आणि पुन्हा यायची. तिचे डोळे बघून माझे विनोद आपोआप कमी झाले. आपण मरू ही भीती मला तोवर वाटलीच नव्हती. ती मला तिच्या बोटांतून कळली.

सहाव्या दिवशी सकाळी मी पडलो. डोळे उघडले तेव्हा ती म्हणाली, "चौदा." एवढंच. मग म्हणाली, "आधी पांढरे पडला, राखेवानी. नाडी आली तसं तोंड लालबुंद झालं."

घोडेगावच्या डॉक्टरांनी ते जसंच्या तसं चिठ्ठीत लिहिलं, आणि फेफऱ्यात नाडी अशी जात नाही, हृदय थांबलं तरच जाते, असं खाली जोडलं. ती चिठ्ठी वाचून पुण्याच्या इस्पितळाने मला या खेपेला ठेवून घेतलं, दिवसातून चार चार पट्ट्या काढल्या. नवव्या दिवशी पट्टीवर चोर सापडला. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मिळाल्या. कायमचा इलाज अजून निघालेला नाही, हेही सांगितलं. अजून कधीमधी पडतो. दर वेळी उठेनच असं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि आम्ही ते बोलतो. म्हणून सांगतो, तुमचं माणूस पडलं तर नाक सोडा, मनगट धरा.

त्या चौदा घावांत काय झालं, हे मला थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मी पुण्याहून परतल्यावर सांगितलं. आरडाओरड ऐकून ते नेमके तेव्हाच ओसरीवर चढले होते. तात्यांसमोर अनसूया कधी डोकं उघडं ठेवून उभी राहिलेली नाही. झटापटीत तिचा पदर पार खांद्यावरून उतरला होता. तात्यांना पाहताच पदर सावरायला तिची बोटं सवयीने माझ्या मनगटावरून उठू लागली.

तेव्हा पाच दिवस पाठ करून बसलेली माझी आई सूप टाकून उठली आणि तात्यांच्या देखत म्हणाली, "जाऊ दे तो पदर खड्ड्यात. हात सोडू नगं त्याचा."