आडवा हात

आमच्या वऱ्हाडात पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा आणि वाढणाऱ्यानं तो मुळीच जुमानायचा नाही, अशी रीत. पोटात कावळे ओरडत असले तरी हात आडवा. वाढणारा "हात काढा, नाही त हातावर वाढतो" असं दरडावतो, मग आपण नाइलाज झाल्यासारखं तोंड करून हात काढतो आणि दुप्पट जेवतो. शेगावला एका मित्राकडे बारशाच्या पंगतीत मी असाच हात धरला, तर वाढणाऱ्या मुलीनं खरोखरच पळीभर कढत वरण माझ्या हातावर ओतलं आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली. हात चांगलाच पोळला. पण करायची तर हीच बायको, असं मी तिथंच, वरण चाटता चाटता ठरवलं.

मी तेव्हा मलकापूरच्या शाळेत मास्तर होतो. मित्रामार्फत बोलणं लावलं. मुलीचे वडील शेगावजवळचे चांगले शेतीवाडीवाले. त्यांनी आधी दोन मुलं नापसंत केली होती. एक म्हणे फार बोलायचा आणि दुसरा बोलायचाच नाही. आता ते मला पाहायला सकाळच्या गाडीनं येणार आणि दुपारच्या गाडीनं परत जाणार होते. तेवढ्या वेळात मला पसंत पडायचं होतं.

त्यांना जेवायला कुठे न्यावं? मी रोज जेवायचो कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत, मावशीच्या खानावळीत. बसायला पाट, डोळ्यांत धूर आणि मावशीची जीभ तर विचारूच नका. चार माणसांत "मास्तर, काल काऊन कमी जेवला?" म्हणून फैलावर घ्यायची. इकडे स्टेशनासमोर मुंबईच्या एका कंपनीनं नवंकोरं हॉटेल उघडलं होतं. कंपनीची भुसावळला, अकोल्याला, नागपूरला अशीच हॉटेलं होती. सगळीकडे तीच संगमरवरी टेबलं आणि भाजीचीही तीच चव. मी मावशीशी बेइमानी करायचं ठरवलं.

शाळा तपासायला नागपूरचे साहेब यावेत तसा कोट इस्त्री करून मी स्टेशनावर उभा राहिलो. पाहुणे उतरले. हॉटेलच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या आणि कुणी नेऊ नये म्हणून टेबलाखाली घेऊन बसले. पितळी बटणांचा कोट घातलेल्या वाढप्यानं दोन-दोन पुऱ्या आणि चमचाभर भाजी आणली. ती दोन घासांत संपली. वाढप्या आला आणि म्हणाला, "और कुछ?"

पाहुण्यांनी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. मीही धरला. वाढप्यानं दोन्ही ताटं हाताखालून अलगद ओढली आणि तो चालता झाला. आम्ही दोघं मोकळ्या टेबलावर हात आडवे धरून बसून राहिलो.

"झ्याक जेवण झालं," पाहुणे म्हणाले. त्याच वेळी त्यांचं पोट असं काही गुरगुरलं की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थानं वळून पाहिलं.

मग शाळा दाखवायला निघालो. रस्ता नेमका जिनिंगच्या मागून. मावशी दारातच गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजत बसली होती. मी मान खाली घालून सटकायला बघत होतो.

"काऊन मास्तर, पाहुण्याले उपाशी फिरवून राह्यला काय?"

"जेवण झालं आमचं, मावशी."

"झालं त तोंडं अशी काऊन दिसून राह्यली?"

मी पुढे सरकेपर्यंत पाहुण्यांनी वहाणा काढल्यासुद्धा.

पत्रावळीवर कुस्करलेले गरम रोडगे, वरण, वांग्याची भाजी. पाहुण्यांनी हात आडवा धरला की मावशी तो सरळ बाजूला सारायची. वाढता वाढता ती माझी सगळी कुंडली सांगत होती. "तापात पडला होता तवा आईच्या नावानं रडे, म्याच पेज पाजली. पोरगा गुणाचा हाय, पण दही दिसलं का बेइमान होते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भूक अशी होती की चौथा रोडगा कधी संपला ते कळलं नाही.

पाहुण्यांनी मिशा पुसल्या आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "मास्तर, मंग देऊ काय पोरगी तुमाले?"

नेमकी तेव्हाच मावशी तुपाची वाटी घेऊन माझ्यावर चालून आली. तोंडात घास. माझा हात आपोआप पत्रावळीवर आडवा गेला आणि मान जोरजोरात हलली. नाही, नाही, नाही!

पाहुण्यांचा चेहरा पडला. मला बोलायचं होतं, पण वांगं गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं. सगळं संपलं, असंच वाटलं.

"त्याच्या हाताकडे काय पाहून राह्यले?" मावशी पाहुण्यांवरच खेकसली. "तो जनमभर असाच धरीन. तुमी वाढा!"

मग पाहुण्यांनी तिच्या हातातली वाटी घेतली आणि "हात काढा" एवढंही न म्हणता सगळं तूप माझ्या हातावर ओतलं. अगदी लेकीसारखंच. आणि तिच्यासारखेच हसत सुटले.