रेघ जिथे थांबायची

पन्नाशीला टेकल्यावर मी पळायला लागले, त्याचं श्रेय डॉक्टरांना नाही, शाळेच्या जिन्याला आहे. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर, आणि तिथे पोचेपर्यंत भूगोल शिकवायला श्वासच उरायचा नाही. आमच्या खेळाच्या बाई एकदा कठड्याला टेकून माझी गंमत बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, पळायला लागा. गोगलगायीसारखं पळा, पण पळा." पळायचं ठरलं आणि त्यापाठोपाठ घड्याळाचं वेड आलं. जन्मभर फळ्यावर अक्षांश-रेखांश काढले, आता आकाशातले उपग्रह माझी स्वतःची जागा मला सांगणार, ही हौस काही मला आवरेना.

दुकानातल्या मुलीने आधी एक चकचकीत घड्याळ पुढे केलं. त्याला नुसतं बोट लावायचं, ते झोप मोजतं, शिवाय मनावर ताण किती आहे तेही सांगतं. मी म्हटलं, ते सांगायला मला भाऊ आहे. खेळाच्या बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं की बटणांचंच घ्या, घामेजलेल्या बोटांचं काच काही ऐकत नाही. म्हणून बाजूला बटणं असलेलं, साधं, जाडजूड घेतलं. बाकीचं बाईंनी शाळेच्या मैदानावर शिकवलं. मनगटाच्या हाडाच्या वर जरा घट्ट बांधायचं. उजवीकडचं वरचं बटण एकदा दाबलं की ते उपग्रह शोधतं. ते सापडेपर्यंत उघड्या आकाशाखाली गप्प उभं राहायचं, आणि मग तेच बटण पुन्हा दाबून निघायचं. सुरुवातीला वेगाकडे ढुंकूनही बघायचं नाही. संध्याकाळी घरी येऊन मोबाईलवर नकाशा उघडला की आपण पळालो ती निळी रेघ दिसते.

आणखी एक गोष्ट बाईंनी दाखवली. मी पाणी प्यायला जिथे थांबले होते, तिथे रेघेचा बारीक गुंता झाला होता, सुई अडकून दोऱ्याचा व्हावा तसा. मी विचारलं, हे काय? "तुम्ही उभ्या होतात तिथे," त्या म्हणाल्या. "माणूस थांबला तरी घड्याळाला ते खरं वाटत नाही. ते आपलं त्याला इकडेतिकडे हलवत राहतं."

तेव्हा मी हसले होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. घरात मी आणि ते, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दादा मूळचे नांदगावकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तो कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. अलीकडे त्यांचं विसरणं वाढलं होतं. जेवण झाल्यावर "आज काय, उपाशी ठेवतीस का?" म्हणायचे. मी हसून पुन्हा अर्धी भाकरी द्यायची आणि मोरीत जाऊन डोळे पुसायची.

पण सकाळचा त्यांचा क्रम मात्र पक्का होता. उठलं की अंथरुणावर बसूनच मनगटावरच्या घड्याळाला चावी द्यायची, मग वंदना, मग चहा, मग फिरायला. ते चावीचं घड्याळ एक दिवस बंद पडलं आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले. रिकामं मनगट चोळत दादा घरभर काहीतरी हुडकत राहिले. मग एका सकाळी टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेलं माझं घड्याळ त्यांनी उचललं आणि बांधलं. मी बघत होते. त्यांनी दोन बोटांनी उजवीकडचं वरचं बटण चिमटीत धरलं आणि पिळायला लागले. ते फिरेना, तसं दाबलं. पुन्हा दाबलं. घड्याळ किंचित थरथरलं. दादांचं समाधान झालं. चावी बसली.

मी ते त्यांच्या हातात राहू दिलं. मी पळायची संध्याकाळी, सकाळी ते घड्याळ तसंही रिकामंच होतं. शिवाय माझा एक मतलबही होता.

भाऊ पुण्यात असतो आणि उंटावरून शेळ्या हाकायचं काम फोनवरून इमानेइतबारे करतो. त्याचं म्हणणं, दाराला आतून कुलूप लाव, त्यांना एकटं सोडू नकोस. "एक दिवस सापडणार नाहीत, तेव्हा कळेल तुला." तो चुकत नव्हता, म्हणून तर माझा जास्त संताप व्हायचा. पण कुलूप लावलं की दादांचं उरणार काय होतं? फिरून आल्यावरच ते थोडा वेळ आमचे दादा असायचे, पेपर उलटा धरायचे नाहीत, मला ताई म्हणूनच हाक मारायचे. कुलूप लावायचं की नाही, याचा निकाल त्या घड्याळावर सोडायचा असं मी मनाशी ठरवलं. रेघ भरकटली तर कुलूप.

ते परतले की मी घड्याळ थांबवून नकाशा बघायची. रेघ भरकटली नाही. रोज तीच. घरापासून निघायची, नासर्डी नदीचा पूल ओलांडायची, पलीकडे एक फेरा घ्यायची आणि परत यायची. मी ऐटीत त्या रेघांची चित्रं भावाला पाठवली. म्हटलं, बघ, तुझ्या माझ्यापेक्षा त्यांना रस्ता ठाऊक आहे.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "ताई, पुलाच्या पलीकडे तर मोकळं मैदान आहे ना? मग तिथे हे असे कशाला वळतायत?"

मी नकाशा मोठा करून पाहिला. मैदानात नुसतं गवत आणि चार वेड्या बाभळी. तिथे कोणीही सरळ तिरकं जाईल. दादांची रेघ मात्र काटकोनात डावीकडे वळत होती, थोडी पुढे जाऊन उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आणि एका जागी तो गुंता होता. रोज त्याच जागी. मी बाईंना विचारलं, उपग्रह सापडायच्या आत बटण दाबल्यामुळे होत असेल का? त्या म्हणाल्या, "त्याने सुरुवातीची रेघ वाकडी येते, मॅडम. घड्याळ आपल्या मनाने रोज तोच काटकोन घेत नाही."

त्या रात्री तांदूळ निवडताना माझ्या लक्षात आलं. पहिलं वळण नळाचं. दुसरं पिठाच्या गिरणीचं. तिसरी गल्ली आमची. कारखान्याची क्वार्टर्स होती तिथे. आमचं सगळं बालपण तिथलं, आणि आई गेली तीही तिथेच. कारखान्यामागोमाग ती पाडली आणि जमिनीचा वाद कोर्टात पडला तो पडलाच. एक वीटही उरलेली नाही. दादा रोज सकाळी त्या गल्ल्यांतून चालत होते.

पुढच्या रविवारी मी अंतर ठेवून त्यांच्या मागे गेले. तांबडं फुटत होतं. दादा गवतातून वळले, कोणाला तरी वाट द्यावी तसे जरा कडेला सरकले, पुन्हा वळले. मग वाकले. आमचं दार बुटकं होतं, मान खाली घालूनच आत जावं लागायचं. आत, म्हणजे त्या गवतात, त्यांनी चपला काढल्या. पूर्वेच्या भिंतीवर तसबिरी असत, तिकडे तोंड करून हात जोडले. मग चपला घालून ते पुन्हा दाराशी आले आणि आतल्या बाजूला पाठ करून उभे राहिले. खूप वेळ. गुंता होता तो इथला. शेवटी त्यांनी कोणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवली, वाकून बाहेर पडले आणि घराकडे चालू लागले.

ते कशासाठी थांबले होते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. घरातून निघताना "जातो" म्हणायचं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण आमच्याकडे दादांचा त्यावर वरताण नियम होता. त्यांनी "येतो गं" म्हणायचं, आणि आतून आईचं "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आई भाकरी थापत असो, मागे धुणं धूत असो. कारखान्याचा भोंगा होऊन जायचा, शेजारचे सायकली काढून पसार व्हायचे, हे आपले दारात उभे. आई चिडून ओरडायची, "या! या हो एकदाचे!" आणि गल्ली हसायची.

आता ते कोणाचं ऐकून निघतात, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलं. भावाला म्हटलं, घड्याळाची चूक होती. दुसरं काय सांगणार? मला भीती वाटत होती, आणि त्यातही एक वेडगळ हेवा होता. मला तर आईचा आवाज आठवतही नव्हता नीट.

थंडी वाढली. द्राक्षबागांत शेकोट्या पेटायला लागल्या आणि एका सकाळी असं धुकं उतरलं की समोरचा खांब दिसेना. दादा निघून गेले होते. त्यांच्या परतीची वेळ झाली आणि टळली. मी पुलापर्यंत पळत गेले. इतक्या दिवसांचा सराव होता, तरी छाती फुटायची वेळ आली. घड्याळ त्यांच्या हातात आणि ते आत्ता कुठे आहेत हे मोबाईलवर दिसायची सोय त्यात नव्हती. मनात एकच घोळत होतं, भाऊ म्हणाला होता तेच झालं.

मग मी मोबाईलवर आदल्या दिवशीची त्यांची रेघ उघडली. नकाशावर माझा ठिपका दिसत होता. तो ठिपका रेघेवर ठेवत मी धुक्यात शिरले. नळाशी डावीकडे. गिरणीशी उजवीकडे. पायाखाली गवत होतं आणि तरी मी कडेकडेने चालत होते. गिरणीपुढे सायकली उभ्या असायच्या.

दादा गवतात उभे दिसले. थंडीने कापत होते. मी "दादा!" म्हणून त्यांच्याकडे धावले.

"तिकडून कुठं येतीस?" ते खेकसले. "भिंत हाय तिथं!"

मी जागच्या जागी थांबले. मग वळसा घालून गल्लीच्या बाजूने आले.

"दादा, चला ना घरी. किती गारठलाय तुम्ही."

"कसा येऊ?" ते बारीक आवाजात म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "कवाचा येतो येतो म्हणतोय. आज बोलतच नाय ती."

मी त्यांचा हात धरून ओढला. ते हलेनात. त्या दाराबाहेर मला त्यांना नेता येत नव्हतं, आणि उचलून आणायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. धुकं इतकं दाट होतं की आम्ही खरंच चार भिंतींत उभे आहोत असं वाटायला लागलं. मग मी तेच केलं जे करायचं मनात येऊनही जीभ रेटत नव्हती. मान खाली घातली, वाकून त्यांच्याशेजारून आत गेले आणि चूल असायची त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. चपला काढल्या. गवत बर्फासारखं गार होतं.

दादा दारात पाठमोरे झाले. "येतो गं," म्हणाले.

मी तोंड उघडलं. वडिलांना असं म्हणायचं! आवाज निघाला तो जरा चिडका निघाला.

"या."

दादांनी मान हलवली. वाकले आणि बाहेर पडले. मी चपला हातात घेऊन, दारातूनच, त्यांच्या मागे गेले.

पुलावर आल्यावर धुकं विरळ झालं. माझी शाल त्यांच्या खांद्यावर होती, हात माझ्या हातात होता, आणि चेहरा पुन्हा आमच्या दादांचा झाला होता.

"ताई," ते जरा लाजत म्हणाले, "आज दोन वेळा म्हणली ती."

मी एकदाच म्हटलं होतं.

कुलूप काही मी लावलं नाही. भावाला सांगितलं, आता मी त्यांच्याबरोबर जाते. तो म्हणाला, मग ठीक आहे. आम्ही गल्ल्यांतून जातो, मी दाराबाहेर उभी राहते. दादा आतून "येतो गं" म्हणतात आणि थांबतात, आणि मी ओठ घट्ट मिटून घेते. थोड्या वेळाने ते मान हलवतात आणि बाहेर येतात. त्या सकाळनंतर मला ते एकदाही म्हणावं लागलेलं नाही.